हुलजंतीचं महाकाव्य लिहायला बसलेल्या भाचीला

सोलापूर,
आषाढ

चि. बाळ,


तुझं पत्र आणि सोबतचे तीन सर्ग मिळाले. मन लावून वाचले. हुलजंतीच्या महालिंगरायावर इंग्रजीतून महाकाव्य लिहायचं तू मनावर घेतलंस, याचा मला किती आनंद झालाय हे कागदावर मांडता येणार नाही. आपल्या घरातलं कुणी आपल्या देवाची कथा जगाच्या भाषेत सांगायला बसेल, असं मला माझ्या तरुणपणी कुणी म्हटलं असतं तर खरं वाटलं नसतं. तेव्हा लिही, जरूर लिही. ही गोष्ट आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुला धाकधूक वाटायला नको.

तू लिहिलंयस, अमेरिकन कवी लाँगफेलोने तिथल्या ओजिब्वे आदिवासींसाठी जे केलं ते मला आपल्या धनगर लोकांसाठी करायचंय. त्याची ‘द साँग ऑफ हायावाथा’ मी कितीतरी वर्षं वर्गात वाचून दाखवली आहे. कानाला गोड, पाठ व्हायला सोपी. पोरं नाव विसरायची पण ठेका विसरायची नाहीत. पण ती कविता कशी तयार झाली, कुणाकडून काय घेतलं गेलं आणि वाटेत कोण गळालं, हे कळल्याशिवाय तिला आदर्श मानू नकोस.

हे पुस्तक १८५५च्या नोव्हेंबरात आलं. लाँगफेलोने हार्वर्डमधलं प्राध्यापकपद आदल्याच वर्षी सोडलं होतं. कवितेतल्या कथा सुपीरियर सरोवराच्या काठच्या. तो तिथे कधी गेला नाही. कवितेची चाल त्याने फिनलंडच्या ‘कालेवाला’वरून घेतली, तीही जर्मन अनुवाद वाचून. म्हणजे अमेरिकेतल्या रानातला म्हणून जो ठेका जगाने ऐकला तो मुळात फिनलंडचा. कथा घेतल्या हेन्री स्कूलक्राफ्ट नावाच्या सरकारी अधिकाऱ्याच्या पुस्तकांतून. आणि नायक? ओजिब्वेंच्या कथांचा नायक नानाबोझो. लाँगफेलोने सुरुवातीला तेच नाव योजलं होतं. मग स्कूलक्राफ्टच्या लिखाणातल्या गोंधळामुळे त्याचा समज झाला की हायावाथा हे त्याच पुरुषाचं दुसरं नाव, आणि ते कानाला बरं वाटलं म्हणून त्याने घेतलं. खरा हायावाथा ओजिब्वे नव्हेच. तो दूर पूर्वेकडचा, आजच्या न्यूयॉर्क राज्यातल्या इरोक्वाय लोकांचा नेता. आपसात लढणाऱ्या पाच जमातींना एकत्र आणण्याच्या कामात त्याचा मोठा वाटा, आणि ते लोक आजही त्याचं नाव आदराने घेतात. आपल्या बिरोबाची सगळी कथा घ्यावी आणि नायकाला राजस्थानच्या पाबूजीचं नाव द्यावं, तसं झालं हे. दोन्हीकडचे लोक जिवंत, दोन्हीकडे आपापला वीर, आणि जगभरच्या शाळांत मात्र तिसराच कुणीतरी शिकवला जातोय.

आता जिच्यासाठी हे पत्र लिहितेय तिच्याकडे येते. तिचं नाव जेन जॉन्स्टन. १८०० साली सू सेंट मेरी या गावी जन्मली. सुपीरियर सरोवराचं पाणी जिथून पुढे वाहतं तिथलं हे गाव. वडील आयरिश, फरचे व्यापारी. आई ओजिब्वे, वाबोजीग या प्रसिद्ध सरदाराची मुलगी. घरात दोन्ही भाषा. वडिलांच्या ग्रंथसंग्रहातून जेन इंग्रजी कविता शिकली आणि आईकडून तिच्या लोकांच्या कथा. १८२२ साली स्कूलक्राफ्ट सरकारचा प्रतिनिधी म्हणून त्या गावी आला, जॉन्स्टन कुटुंबाच्या आसऱ्याने राहिला, आणि पुढच्या वर्षी त्याने जेनशी लग्न केलं. त्या लोकांबद्दल त्याने पुढे जे काही लिहिलं त्यातलं फार मोठं देणं या घराचं होतं: जेनचं, तिच्या आईचं, भावंडांचं. त्यांनी सांगितलं, समजावलं, भाषांतर करून दिलं. १८३९मध्ये त्याचं ‘अल्जिक रिसर्चेस’ निघालं. प्रस्तावनेत त्याने सासरच्यांचे आभार मानले आहेत, तेवढं त्याच्या पदरात टाकायला हवं. पण पुस्तक त्याच्या नावाचं, कीर्ती त्याची. त्या पुस्तकावरून लाँगफेलोने कविता केली तेव्हा जेनला जाऊन तेरा वर्षं झाली होती.

आणि बाळ, जेन स्वतः कवी होती. १८२६-२७च्या हिवाळ्यात नवऱ्याने हाताने लिहून काढलेल्या एका नियतकालिकात ती टोपणनावांनी लिहायची. तिने इंग्रजीत कविता केल्या, ओजिब्वे भाषेतही केल्या. तिचा लहानगा मुलगा गेला, त्याच्यावर लिहिलं. पुढे मुलांना दूर पूर्वेला शाळेत ठेवून परत यावं लागलं, तेव्हाची कविता तिने आपल्या भाषेत केली. नवऱ्याने तिचं इंग्रजी करताना पुष्कळ स्वातंत्र्य घेतलं. तिच्या सगळ्या लेखनाचं एक नीट पुस्तक निघायला २००७ साल उजाडावं लागलं. लाँगफेलोचं घर, त्याचे पुतळे, ज्याच्यावरून त्याने नायिकेचं नाव घेतलं तो मिनियापोलिसचा धबधबा, हे सगळं लोकांना माहीत. जेनचं नाव मात्र अजून इंग्रजी शिकवणाऱ्यांनाही माहीत नसतं.

तुझे सर्ग वाचताना मला हेच वाटत राहिलं की तू चुकीच्या माणसाचा हात धरलायस. तू लाँगफेलो नाहीस गं, तू जेन आहेस. तुझ्या आजोबांनी, आमच्या आप्पांनी, आयुष्यभर ओव्या गायल्या. हुन्नूर, हुलजंती, बिरोबा, मायाक्का ही नावं तू पुस्तकातून शिकली नाहीस. लाँगफेलोला जे कधीच मिळणार नव्हतं ते तुझ्या घरात आहे, आणि तू मात्र त्याच्यासारखी लांब बसून लिहितेयस. तुझ्या तिन्ही सर्गांत एकाही गाणाऱ्याचं नाव नाही. सगळं जणू आकाशातून पडलंय.

सांगणाऱ्याचं नाव पुढे आणायचं आपल्याकडे कुणी केलेलंच नाही असं नाही. १८६५-६६च्या हिवाळ्यात मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रिअर दख्खनच्या दौऱ्यावर निघाला, सोबत त्याची मुलगी मेरी. तिच्या सोबतीला अ‍ॅना लिबरेटा डिसूझा नावाची आया होती. मुक्कामावर ती मेरीला गोष्टी सांगायची, तिच्या आजीकडून ऐकलेल्या. १८६८ साली मेरीने त्या ‘ओल्ड डेक्कन डेज’ नावाने छापल्या. पुस्तकावर मेरीचं नाव आहे, पण आत अ‍ॅनाने सांगितलेली तिची स्वतःची हकिगतही आहे: घर, माणसं, नवऱ्यामागे काढलेले कष्ट, सगळं. राज्यकर्त्याच्या मुलीला एवढं सुचलं. तुला सुचायला काय हरकत आहे?

दुसरं नाव ग्युंटर सोंथायमर यांचं. १९३४ साली जर्मनीत जन्मलेला हा माणूस हिंदू कायद्याचा अभ्यास करत इकडे आला आणि धनगरांच्या वाड्या-वस्त्यांवर रमला. मराठी शिकला, ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबावरचा त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६चा. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी तो १९८९ साली इंग्रजीत आणला. सोंथायमर १९९२मध्ये गेले. पुढे २०१४ साली फेल्डहाउस यांनी बिरोबा आणि धुळोबा यांच्या दोन लांबलचक मौखिक कथा इंग्रजीत पुस्तकरूपाने दिल्या, आणि त्या पुस्तकावर रामदास आटकर आणि राजाराम झगडे ही नावंही आहेत. म्हणजे धनगरांची कथा इंग्रजीत पहिल्यांदा तू नेणार आहेस असं नाही. ते पुस्तक आधी वाच. तुझं काम त्याच्यापुढे सुरू होतं.

आता तुझ्या ठेक्याबद्दल. तू हायावाथाचीच चाल धरलीयस, आणि ती तुला छान जमलीही आहे. पण ती पानापानाला एकसारखी पडत राहते. आपली ओवी अशी चालते का? आप्पांच्या ओव्या गाणाऱ्या गजातली एखादी रात्र डोळ्यांपुढे आण. देवळापुढे घोंगडी अंथरलेली, मधे भंडाऱ्याचं ताट, कपाळं पिवळी. ढोलाची कातडी शेकोटीवर धरून तापवलेली. थंडीत ती सैल पडली की आवाज बसतो, म्हणून पुन्हा पुन्हा तापवायची. आधी सुंबरान मांडायचं, झाडून सगळ्या देवांना बोलवायचं, गावचा कुणी सुटता कामा नये. मग एकजण कानावर हात ठेवून ओवी टाकतो, बाकीचे झेलतात, झांज वाढत जाते. आणि अगदी रंगात आलेलं असताना ढोल थांबतो. म्होरक्या साध्या बोलीत कथा पुढे नेतो, गाण्यात जे झालं ते उलगडून सांगतो, समोरच्याला विचारतो, कुणी तरी ‘हां’ म्हणतं, म्हातारं माणूस मधेच आठवण करून देतं की अमकं राहिलं. पुन्हा ढोल. गाणं आणि सांगणं, गाणं आणि सांगणं, रात्र सरेपर्यंत. हा घाट तुझ्या हाताशी असताना फिनलंडचा ठेका कशाला? पद्य आणि गद्य आलटून-पालटून घे. गद्यात बोलणारा म्होरक्या असू दे, त्याला नाव असू दे, आणि त्याला अडवणारं म्हातारं माणूसही असू दे. इंग्रजी वाचकाला ते नवीन वाटेल. आपल्याला ते घरचं वाटेल.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच. तुझा महालिंगराया फार सोज्वळ झालाय. कुठे हट्ट नाही, कुठे राग नाही. लाँगफेलोने नानाबोझोचं नेमकं हेच केलं. ओजिब्वेंचा नानाबोझो पृथ्वी नव्याने घडवणारा आहे, आणि तोच खादाड, लबाड, स्वतःच्या खोडीने स्वतः अडकणारा आहे. त्याच्या फजितीवर लोक खळखळून हसतात आणि त्यालाच मानतात. त्या कथा बर्फ पडल्यावर, हिवाळ्यातच सांगायच्या असा त्यांचा नेम. बॉस्टनच्या वाचकांना हा नायक पेलला नसता. म्हणून कवितेत उरला तो शूर, शहाणा, उदास आणि सभ्य पुरुष.

आपल्या खंडोबाकडे बघ. सारीपाटात म्हाळसेकडे हरला म्हणून बारा वर्षं घर सोडून गेला, बानूच्या बापाच्या दारात मेंढ्या राखणारा गडी होऊन राहिला. मेंढ्या धुवायला नेल्या आणि मारून टाकल्या. मग पोरगी देत असाल तर जिवंत करतो म्हणाला. बानू घरी आली तेव्हा म्हाळसेने जे तोंड सोडलं ते आजही वाघ्या-मुरळी रंगवून सांगतात. बाळे गावी चंपाषष्ठीला याच देवावर भंडारा उधळायला अर्धं सोलापूर लोटतं. खोटं बोलणारा, हट्टी, बायकोला घाबरणारा आणि तरी देव! आपल्या माणसांना यात काही विसंगत वाटत नाही. ते मेंढरांमागे वणवण करणारे लोक. त्यांना दुष्काळ माहीत, चोरी माहीत, भाऊबंदकी माहीत, आणि त्यांचा देव यातलं सगळं पाहून आलेला आहे. हे कापून टाकलंस तर उरेल ते इंग्रजी वाचकाला आवडेलही, पण हुलजंतीत कुणी ओळखणार नाही.

रा. चिं. ढेरे यांनी तर ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या १९८४च्या ग्रंथात पंढरीचा विठोबाही मुळात गवळी-धनगरांचा देव असल्याचं मांडलं. आत्ता तुला हे पत्र लिहितेय तेव्हा पालख्या आपल्याच जिल्ह्यात शिरताहेत. ज्या देवाला भेटायला एवढा महाराष्ट्र चालत येतो तोसुद्धा आधी मेंढरांच्या वाटेवर होता, ही गोष्ट तुझ्या काव्यात कुठेतरी यावी असं मला फार वाटतं.

हायावाथाचा शेवट आठवतो ना? गोरे धर्मगुरू येतात, नायक त्यांचं स्वागत करतो, त्यांचं ऐका असं आपल्या लोकांना सांगतो आणि होडीत बसून मावळतीकडे कायमचा निघून जातो. ज्या वर्षी हे छापलं त्याच वर्षी, १८५५च्या फेब्रुवारीत, वॉशिंग्टनला झालेल्या करारात मिनेसोटातल्या ओजिब्वेंची अफाट जमीन सरकारकडे गेली. त्याआधी १८३६मध्ये मिशिगनमधल्या ओटावा आणि ओजिब्वेंकडून सव्वा कोटी एकरांहून जास्त जमीन घेणारा करार घडवून आणला तो खुद्द स्कूलक्राफ्टने. कथा गोळा करणारा हात आणि जमिनीच्या कागदावर सह्या घेणारा हात एकच होता. हे मला कळलं त्यानंतर तो शेवट वर्गात वाचताना माझा आवाज कधी स्थिर राहिला नाही. नायक स्वतःहून निघून गेला असं वाचकांना सांगितलं की लोकांना कुणी हुसकावलं हा प्रश्नच उरत नाही.

आणि ते लोक कुठेही गेलेले नाहीत. लीच लेक, रेड लेक, व्हाइट अर्थ, सरोवरापलीकडे कॅनडात गार्डन रिव्हर, अशा ठिकाणी आहेत. १९०० साली गार्डन रिव्हरच्या ओजिब्वेंनी याच कवितेचं नाटक केलं, आपल्या भाषेत, आपली गाणी आणि नाच घालून. लाँगफेलोच्या मुलींना बोलावलं, आणि त्या आल्या. रेल्वेने पर्यटक यायचे, खेळ वर्षानुवर्षं चालले. दुसऱ्याने चुकीच्या नावाने लिहिलेली आपलीच कथा त्यांनी उचलली आणि पुन्हा आपल्या तोंडाने सांगितली. मला यात लाचारी दिसत नाही, मोठी हिंमत दिसते. त्यांच्यातले बेसिल जॉन्स्टन यांनी पुढे आपल्या लोकांच्या कथा इंग्रजीतही लिहिल्या आणि ओजिब्वे भाषेतही. लुईझ अर्ड्रिच आज कादंबऱ्या लिहिताहेत, नानाबोझो त्यांत येतो-जातो. तुझ्या अभ्यासक्रमात हायावाथा आहे आणि ही दोन नावं नाहीत, तर ग्रंथालयात जाऊन स्वतः शोध.

तुझ्या आराखड्यात शेवटच्या सर्गाला तू ‘महालिंगरायाचं प्रयाण’ असं नाव दिलंयस. ते काढ. दिवाळीच्या अमावास्येला हुलजंतीला जाऊन उभी राहा आणि मग ठरव तो कुठे निघालाय का. त्या रात्री देवळाच्या शिखराला साक्षात शंकर-पार्वती येऊन मुंडास बांधतात अशी श्रद्धा. पहाटेपासून माना उंचावून लोक ते बघायला उभे असतात, आणि ते कसं बांधलं गेलंय यावरून पावसापाण्याचा अंदाज बांधत असतात. मग गुरू-शिष्याची भेट. हुन्नूरच्या बिरोबाची पालखी आणि महालिंगरायाची पालखी, सोबत आसपासच्या गावांच्या पालख्या, शेकडो ढोल एकदम. भंडाऱ्याने आभाळ पिवळं होतं, त्यात लोकर आणि खारका उधळलेल्या. लोकरीचे पुंजके ओल्या भंडाऱ्यासकट केसांत, पागोट्यांत, पोरांच्या तोंडावर चिकटलेले असतात. निम्मी गर्दी कर्नाटकातली. एकजण कानडीत गातो, शेजारचा मराठीत, आणि कथा एकच. भाकणूक होते तेव्हा एवढा जमाव चिडीचूप होतो, कारण पेरणीचं ऐकायचं असतं. तुझ्या काव्यात कानडीचा मागमूस नाही, ही मोठीच उणीव आहे. सीमेपलीकडचे गाणारेही याच कथेचे मालक आहेत.

सोलापूरची कथा दुसऱ्या भाषेत महाकाव्य होऊन बसली असं आधी एकदा घडलंय, तेही कानडीतच. तेराव्या शतकात राघवांक या कवीने षट्पदी छंदात आपल्या सिद्धरामेश्वरांचं चरित्र गायलं. सोन्नलिगे म्हणजे हेच आपलं सोलापूर. ग्रंथ तिकडे पूजला जातो, आणि इकडे संक्रांतीला सात नंदीध्वज अजून निघतात, कुंभारकन्येचं लग्न योगदंडाशी अजून लागतं. सिद्धेश्वर तळ्याकाठी वाढलेल्या मुलीला मी आणखी काय सांगू?

तर आता कामाचं. सर्ग फाडू नकोस, पण चौथा सुरूही करू नकोस. दिवाळीच्या आधी चार दिवस ये, आपण मंगळवेढ्यापर्यंत एसटीने जाऊ आणि पुढे तुझे काका गाडी घेऊन येतील. आप्पांच्या गजातले दोघे-तिघे अजून गातात. त्यांना तुझे सर्ग मराठीत सांग. ते मधेच थांबवतील, हे असं नाही म्हणतील, आपसात भांडतील. त्यांच्यातले दोन पाठ एकमेकांशी जुळत नाहीत, आणि दोन्ही लिहून घ्यायचे. ध्वनिमुद्रण करण्याआधी विचार. ज्याने जे सांगितलं त्याखाली त्याचं नाव, गाव आणि तारीख टाक, आणि तुझं पुस्तक छापून येईल तेव्हा ती नावं मागच्या पानावर बारीक अक्षरांत नकोत, पुढे हवीत. विद्यापीठातल्या तुझ्या मार्गदर्शकांना हे आत्ताच कळव, म्हणजे ऐनवेळी अडचण यायला नको.

जेनच्या कवितांचं पुस्तक माझ्याकडे आहे. कुरिअरने पाठवतेय. त्यात पेन्सिलीच्या खुणा माझ्या आहेत, तू तुझ्या शाईने कर. येताना घोंगडी आणू नकोस, इथे आहेत. स्वेटर मात्र आण, हुलजंतीला पहाटे गारठा असतो.

तुझी,
आत्या